चार तिजानी आणि झिजलेली नाणी

तीर्थस्वरूप तिजानीदादांना धाकट्या तिजानीचा सलाम.

गाबेसची हवा तुमच्या गुडघ्यांना मानवत असेल, वहिनींनी कुसकुसातली मिरची कमी केली असेल, आणि नसेल केली तर तुम्हीही आता त्यावर बोलणं सोडलं असेल, अशी आशा आहे. इकडे सगळे मजेत. म्हणजे मी सोडून.

आमच्या संग्रहालयातल्या नाण्यांच्या खोलीचं प्रमुखपद रिकामं आहे. एकोणीस वर्षं त्या खोलीची किल्ली माझ्या खिशात असल्यामुळे ते माझंच, असं मी धरून चालतो. गेल्या महिन्यात एका शेतकऱ्याला ऑलिव्हच्या रोपासाठी खड्डा खणताना मडकंभर रोमन नाणी सापडली. उतरत्या काळातली, काशाची, नखाएवढी. (राज्य आटत गेलं तशी नाणीही आटवली, एवढा प्रामाणिकपणा त्या लोकांत होता.) मी ती तेलात भिजवली, दात कोरायच्या काडीने घासली आणि भिंग घेऊन वाचायला बसलो. बहुतेकांवर एकच: 'कॉन्स्ट'. पुढचं झिजलेलं. बाप कॉन्स्टंटाइन, पोरं कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टन्शियस आणि कॉन्स्टन्स. एवढा मोठा बादशहा, पण पोरांना वेगळी नावं सुचली नाहीत. (आपण हसू नये. आपल्या बापांनी, चौघाही भावांनी, आपापल्या थोरल्या मुलाला आजोबांचंच नाव ठेवलं. आजी 'तिजानी' अशी हाक मारायची तेव्हा चौघे उठायचो आणि मार मला एकट्याला पडायचा.) मग मी घरच्या रिवाजाने गेलो. तिजानीच्या नावाचं पत्र आलं की ते थोरल्याचं, तसं हेही. नाण्यांसोबत ठेवायच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर 'थोरला कॉन्स्टंटाइन' लिहिलं आणि खाली 'ति. घर्साली' अशी सही ठोकली.

परवा ट्युनिसहून नाजिहाबाई तपासणीला आल्या. प्रमुखपद त्यांच्याच अहवालावर ठरणार. बाईंनी (वयाने माझ्या लेकीएवढ्या, भिंगसुद्धा न लावता) एक नाणं उचललं. त्याच्या मागल्या बाजूला एक शिपाई घोड्यावरून पडलेल्या स्वाराला भाला खुपसतोय.

"हे चित्र थोरला कॉन्स्टंटाइन मेल्यावर अकरा वर्षांनी आलं," बाई म्हणाल्या. "तो काय कबरीतून उठून नाणी पाडत होता?"

मी म्हटलं, बाई, मोठ्या माणसांचं काही सांगता येत नाही. त्या हसल्या नाहीत. सही कोणाची, एवढंच विचारलं. अशा वेळी माणसाने खरं बोलावं. मी म्हणालो, तिजानी घर्सालीची.

तुमचा आज्ञाधारक,
तिजानी

ता. क. "म्हणजे तुमचीच ना?" असंही त्यांनी विचारलं होतं. माझी जरा तारांबळ उडाली आणि तोंडून निघून गेलं की नाही, थोरल्या भावाची. निवृत्त इतिहासशिक्षक आहेत, हौसेने मदत करतात. गुरुवारी त्या तुमच्याकडे येताहेत. चूक तुमची म्हणून टाका. तुम्हाला आता कोण कुठे नेमणार आहे?

आणखी एक. एवढ्या ढिगात तीन चिठ्ठ्या बरोबर निघाल्या म्हणे. त्या तीन मी लिहिल्या, हे बाईंना न विसरता सांगा.