कासिल्दा जायच्या आधी

गुरुवार, ११ एप्रिल. माद्रिद

आज सांगायचं राहिलं. सगळा दिवस प्राडो चित्रसंग्रहालयात गेला, तरी राहिलं.

गाडी सुटताना आईने माझा हात धरला होता – ‘माझं ती ऐकणार नाही. तू मोठी बहीण. तू म्हण, जाऊ नको.’ मी हो म्हटलं. एक मे रोजी कासिल्दा नन व्हायला मठात जाणार. आपल्या गावचाच मठ, पण कडक. एकदा आत गेली की भेट लोखंडी जाळीतून. त्याआधी माद्रिदची चित्रं बघायची, एवढंच तिने मागितलं. आणि सोबत मी.

आईने आम्हा दोघींना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवलं. चित्रं तिच्या जुन्या पुस्तकातली, सगळी काळी-पांढरी. आज एका राणीच्या चित्रापुढे कासिल्दा हसतच सुटली. ‘अगं, हिचा झगा लाल आहे! आपण जन्मभर करडा समजत होतो.’

इतकी हसणारी मुलगी.

शुक्रवार

पुन्हा प्राडो. एका लहानशा चित्रापुढून ती हलेना. काळोख्या खिडकीत एक भाजी टेकवून ठेवलेली, शेजारी गाजरं. बस्स.

मी जवळ वाकले तर धोक्याची घंटा वाजली. पहारेकरी बाई आली – ‘मागे व्हा ताई, गाजरं खायची नाहीत.’ कासिल्दा म्हणाली, ‘हिला सकाळपासून काही खायला दिलं नाही हो.’ मी शरमेने लाल.

बाई गेल्यावर ती हळूच म्हणाली, ‘हे काढलं आणि हा चित्रकार मठात गेला. बघ, जायच्या आधी भाजीसुद्धा कशी नीट बघून घेतलीय. मीही बघून घेतेय.’

मग ती चित्राकडे नाही, माझ्याकडे बघत राहिली. तेव्हाच म्हणायला हवं होतं. शब्द तोंडात होते. पण देवाने बोलावलेल्याला अडवणं हे पाप नाही का? आणि आईला दिलेला शब्द मोडणं? मी पुन्हा गाजरांकडे बघायला लागले.

शनिवार

राजवाडा. बागा. नाही बोलले.

रविवार

चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर जुन्या गल्लीतल्या एका मठात बिस्किटं घ्यायला गेलो. भिंतीत लाकडी फिरतं कपाट. घंटी वाजवली. आतून एका ननचा आवाज – ‘नमो निर्मळ मरिया.’ माणूस दिसत नाही. कासिल्दाने पैसे ठेवले, कपाट फिरलं, बदामाच्या बिस्किटांचा डबा बाहेर आला.

‘किती सोपं,’ ती म्हणाली.

मला त्या कपाटात हात घालून काहीतरी घट्ट धरावंसं वाटलं. काय, ते माहीत नाही.

परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर झोपली. उठवून सांगावं? झोपमोड करून अशी गोष्ट सांगतात का? आमचं बुर्गोस येईपर्यंत हेच ठरवत बसले. फलाटावर आईने माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. कासिल्दाची पिशवी तिने स्वतः उचलली.

बुधवार, १ मे

मठाचं दार बंद झालं. आई घरी येऊन कासिल्दाची बशी धुऊन ठेवत होती – धुतलेलीच होती.

रविवार, २ जून

पहिली भेट. जाळीपलीकडे कासिल्दा, केस झाकलेले. बरी आहे. वाफ्यात काम करते, हाताला माती होती.

‘गाजरं आठवतात?’ ती म्हणाली. ‘तिथे मी तुझी वाट बघत होते. म्हटलं, ही आता म्हणेल, जाऊ नको.’

‘म्हटलं असतं तर?’

तेवढ्यात आत घंटा झाली. ती लगेच उठली. उठावंच लागतं.

घरी आईने विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं – बरी आहे, बागेत काम करते.