हॉस्पिटलचं स्पेलिंग

न्यू जर्सी,
३ फेब्रुवारी १९९७

ती. सौ. निर्मलाआक्कास,
शि. सा. न. वि. वि.

अव्वाला परवा हॉस्पिसमध्ये हलवलं. जागा शांत आहे, नर्सेस मायाळू आहेत. इष्टलिंग गळ्यातच ठेवू दिलंय. दुखणं पोटाचंच. सारखी म्हणते, मला आक्काकडं नेऊन सोड. आमची छोटी भूमिका आता रांगते. तू काळजी करू नकोस.

लोभ आहेच, तो वाढावा.
मल्लेश

राजारामपुरी, कोल्हापूर,
१८ फेब्रुवारी १९९७

चि. मल्लेश यास अ. उ. आ.

पत्र पोचलं. अरे, हॉस्पिस काय लिहिलंस, हॉस्पिटलमधलं 'टल' कुठं सांडलंस? पाचवीत मी तुझ्याकडून हे स्पेलिंग घोकून घ्यायची आणि तू निम्म्यात अडकायचास. अमेरिकेत राहूनही तीच गत. माझ्या रक्षिताला वाचून दाखवलं, तर पोरगी पोट धरून हसली.

अव्वा तुझ्याकडं सुनेच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती तिथंच अडकली. दिवाळीत फोनवर म्हणत होती, किती दिस पावण्यागत ऱ्हायाचं. इकडं तिच्या खोलीला रंग द्यायला काढलाय, कॉट खिडकीपाशी सरकवलीय. पण दुखणं जास्त असेल तर लपवू नकोस. पाटल्या मोडून तिकीट काढीन आणि स्वतः न्यायला येईन. मला तिला बघायचंय.

इकडची माया आहे तशीच आहे, तुझीही राहू दे.
तुझी आक्का

न्यू जर्सी,
३ मार्च १९९७

ती. सौ. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं. हो, घाईत स्पेलिंग चुकलं. अव्वाला उतार पडतोय, तू येण्याची गरज नाही. थोडी ताकद आली की मीच घेऊन येतो. रंग फिकट दे, तिला गडद आवडत नाही.

लोभ कमी करू नकोस.
मल्लेश

राजारामपुरी, कोल्हापूर,
३० मार्च १९९७

श्री. मल्लेश यांस,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

शेजारच्या आण्णांकडं तुझा फोन आला. अव्वा गेली, इथंच माती दिली, एवढं सांगितलंस. कुठल्या हॉस्पिटलात, असं मी विचारलं तर विषय बदललास. मग रक्षितानं कॉलेजातून मोठी डिक्शनरी आणली. तुझं स्पेलिंग चुकलं नव्हतं. हॉस्पिटल म्हणजे बरं करायची जागा. हॉस्पिस म्हणजे आता बरं होणार नाही हे ठरलं, की शेवटचे दिवस सुखानं जावेत म्हणून ठेवतात ती. तुला हे पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं. माझ्या थट्टेचा तू आडोसा केलास. मी इकडं रंगाचे हात देत बसले आणि ती तिकडं माझी वाट बघत गेली. याची मला चीड आहे, आणि ती जाणार नाही.

दोन्ही शब्दांचं मूळ एकच निघालं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पाहुणा, आणि ज्याच्या घरी पाहुणा उतरतो त्यालाही तोच शब्द. अव्वाला तू त्यातलं काय केलंस, ते तिनंच दिवाळीत सांगितलं होतं.

मे महिन्यात येतो म्हणालास. ये. खोलीचा रंग फिकटच आहे, तिथंच उतर. जेवणाखाणात काही कमी पडणार नाही. लोभाचं मात्र यावेळी काही लिहीत नाही. दारात तुला एवढंच विचारीन, आपल्याकडं कुणाही परक्याला विचारतात तसं, की पावणं, कधी आलासा, आन् कधी निघणार.

निर्मला