तुणतुण्याची बारीक तार

भागा,

मी खडी फोडायला चाललो. आज तिसगावच्या कार्यक्रमात माझ्या जागी पुढं उभी राहून तू गा. धुळीनं माझा घसा बसलाय तो सुटत न्हाई. आपल्या गाण्याच्या पार्टीतल्या माणसांना मात्र दादाला काम होतं एवढंच सांग.

तुणतुण्याला बारीक तार लावलीय. जाड तार माझ्या खालच्या आवाजाला जुळायची. तुझ्या उंच पट्टीला पिळली की तुटायची, म्हणून इतकी वर्षं तुला माझ्यामागं माझ्याच पट्टीत दबून गायला लावलं. तू बोलली न्हाईस, मीबी विचारलं न्हाई. बारीक तार नाजूक असते, काडी हळू मार.

जुनी तार खिडकीत हाय. ती जपून ठेवू नको. मागच्या दाराची कडी मोडलीय, तिला गुंडाळ.

रंभादादा