ड्रमवाल्याचा फोटो

देवळी

भंतेजी, वंदामी.

तुम्ही मराठी आमच्या देवळीतच शिकले, म्हणून आपल्याच बोलीत लिहून राह्यली.

जपानी रॉकच्या जुन्या रेकॉर्डी जमवायचा माहा नाद तुम्हाले माहीत आहे. जिच्यासाठी नऊ वर्षं जीव टाकला, ती रेकॉर्ड आज ओसाकाहून पार्सलनं आली. आत फोटो निघाला. ड्रमवर बसलेला पोरगा, कमरेपर्यंत केस, डाव्या कानाची पाळी तुमच्यासारखीच फाटलेली. खाली तुमचं दीक्षेच्या आधीचं नाव. तुमच्या व्हिसाच्या फॉर्मवर ते मीच भरलतं.

मागच्या वर्षी जपानले परत जायच्या आधी तुम्ही आमच्या घरी जेवाले आलते. तवा मी याच बँडचं गाणं लावलं अन् म्हटलं, "याचा ड्रमवाला मेला म्हणतात."

तुम्ही डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं. मंग म्हणाले, "मेला तो. पण वाजवत बरा होता."

रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर आज पुन्हा कोणीतरी विचारलं, त्या ड्रमवाल्याचं काय झालं? मी लिहिलं, मेला.

तुम्हीच त्याले मेला म्हटलं, म्हणून हे पत्रही मी टपालात टाकत नाई.

तुमची उपासिका,
पौर्णिमा