पुढच्या चाकांची खडखड

१३ ऑक्टोबर, रविवार
निर्णय झाला. गाडीचं पुढचं काम घरीच करायचं. चाकांना धरणारे लोअर आर्म, त्यांचे बॉल जॉइंट, दोन्ही शॉकअप, सगळं नवं. गॅरेजवाला म्हणतो गाडी सोडून जा. कशाला? जन्मभर शेतकऱ्यांना ट्रॅक्टर विकले मी. ट्रॅक्टर विकणाऱ्याला मोटार खोलायला कितीसा वेळ लागणार!

कारण लिहून ठेवतो. ऑगस्टमध्ये सुमिएला स्टेशनवर सोडायला निघालो होतो. चिगुसाच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या बाळंतपणासाठी ती सेंदाईला चालली होती. बाळंतिणीची काळजी कशी घ्यायची ते मी तिला वाटेत समजावून सांगत होतो. खड्डा आला की पुढून खडखड, खडखड. सुमिए खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ही खडखड आता मला सहन होत नाही हो." दोन आठवड्यांसाठी गेली होती. अजून आली नाही.
साधी गोष्ट आहे. खडखड थांबली की सुमिए येईल.
येत्या रविवारी काम. त्याच्या पुढच्या रविवारी सेंदाई.

२० ऑक्टोबर, रविवार. सकाळी
पार्ट आले. गाडी जॅकवर चढवली, खाली स्टँड लावले, डावं चाक काढलं. पहिल्याच झटक्यात! बॉल जॉइंटचं रबर फाटलंय, ग्रीस वाहून गेलंय, सांधा म्हाताऱ्याच्या दातासारखा हलतोय. फोटो काढून सुमिएला पाठवला. तिने शाबासकीचा अंगठा वर केलेल्या अस्वलाचं चित्र पाठवलं. मन भरून आलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
मुख्य बोल्ट हलत नाही. आमच्या अकिताच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकतात, त्याचा गंज. तेल मारलंय. मुरू देतोय. घाई करणाऱ्यांची कामं बिघडतात.

२४ ऑक्टोबर
तेल मुरतंय.

२७ ऑक्टोबर, रविवार
बोल्ट तुटला. मुळातच कमजोर होता. बरं झालं, रस्त्यात तुटला असता तर?
शेजारच्या निकाइदोबाई कुंपणापलीकडे मुळे वाळायला टांगत होत्या. म्हणाल्या, "काय भावजी, गाडी बाळंत झाली का? मुलगा की मुलगी?" मी दुर्लक्ष केलं. त्यांना यंत्रातलं काही कळत नाही.

दुपारी चिगुसाला फोन. आईला दे म्हटलं. म्हणाली, आई आंघोळीला गेलीय. भर दुपारी? सुमिए पहिल्यापासूनच फार स्वच्छ. मग चिगुसालाच सगळं काम समजावलं, खडखडीचंही सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आई गाडीबद्दल बोलत नव्हती."
मग कशाबद्दल, मी विचारलं.
"बाबा, केव्हाचे तुम्ही बॉल जॉइंटबद्दल बोलताय. बाळाला मांडीवर घेऊन मी नुसती हं हं करतेय."
बाळंतपणानंतर चिडचिड होते. मनावर घ्यायचं नाही.
बाळ कसं आहे ते विचारायचं राहिलं. पुढच्या फोनला.

३ नोव्हेंबर, रविवार
उरलेला बोल्ट ड्रिलने काढला. बॉल जॉइंट हातोड्याने सोडवला. सुटला. सोबत डावा अंगठाही सोलून निघाला. एका हाताने पट्टी बांधता येत नाही. एक टोक दातांत धरून बांधली. मग उगाच स्वयंपाकघरात उभा राहिलो. घर फार शांत आहे. फ्रिज सुरू झाला तरी दचकायला होतं.
जेवण: कपातल्या नूडल्स. एका हाताने झाकण उघडता येतं, हा त्यांचा मोठा गुण.

६ नोव्हेंबर
दोन्ही लोअर आर्म डाव्या बाजूचे निघाले. वेबसाइटची चूक. मी 'डावा' दोनदा दाबला असेल, पण त्यांनी विचारायला नको? उजवा मागवलाय. तोवर गाडी स्टँडवर. बाजाराला सायकल. व्यायाम होतोय, हे ठरवून केल्यासारखं झालं.
डावी बाजू मात्र तयार. शॉकअप बसला. सुमिएला फोटो. या वेळी अस्वल आलं नाही. कामात असेल.

१० नोव्हेंबर, रविवार
डोंगरावर बर्फ दिसलं. इथे यायला वेळ आहे.
आज काम नाही. सुमिएची उशी उन्हात टाकली. ऊन नव्हतं.

१७ नोव्हेंबर, रविवार
उजवा आर्म आला. बसत नाही. कोणीतरी पहारीने आर्म खाली दाबून धरायला हवा, तेव्हा दुसरा माणूस सांधा घालणार. दोन्ही माणसं मीच होऊन बघितलं. जमत नाही. रस्त्यापर्यंत जाऊन आलो. कोणी नव्हतं.
शेवटी निकाइदोबाईंना हाक मारली. त्या पहारीवर सरळ बसल्याच. म्हणाल्या, "माझ्या वजनाला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं." सांधा खटकन बसला. त्यांची किरकोळ मदत झाली.
चहा दिला. मी टॉर्क म्हणजे काय ते सांगत होतो. त्या मध्येच म्हणाल्या, "भावजी, सुमिएच्या खोलीला उजेड बरा आहे का हो?"
कुठली खोली?
त्यांचा चेहरा उतरला. "अगंबाई. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात नोकरी लागली, जवळच खोली घेतलीय, असं फोनवर म्हणत होती." मग चहा अर्धा टाकून गेल्या.
विचार केला. बाळ रडत असणार. सुमिएची झोप मोडत असणार. म्हणून तात्पुरती खोली. समजूतदार आहे.

१९ नोव्हेंबर
आर्मच्या रबरी बुशचे नट गाडी जमिनीवर टेकवूनच शेवटचे आवळायचे असतात, नाहीतर रबर पिळवटतं. मी हवेतच आवळले होते. सगळे सैल करून पुन्हा. कोणाला सांगायची गरज नाही.

२१ नोव्हेंबर
गॅरेजमध्ये चाकांची अलाइनमेंट करून घेतली. हे काम घरी होत नाही, म्हणून फक्त. हिवाळी टायरही चढवले. गॅरेजवाल्याने सगळं तपासलं. म्हणाला, "ठीक आहे." माझ्या मते त्याला हेवा वाटला.

२४ नोव्हेंबर, रविवार. सेंदाईहून आल्यावर
क्रमाने लिहितो.
चिगुसाकडून पत्ता घेऊन सुमिएच्या दुकानाशी गाडी लावली. सुमिए ॲप्रन घालूनच बाहेर आली. केस कापलेत. तरुण दिसते. म्हटलं, बस, फक्त एक चक्कर. मुद्दाम खराब रस्त्याने नेली, रेल्वे फाटकावरून दोनदा. मी एक शब्द बोललो नाही. तिने कान देऊन ऐकलं. म्हणाली, "छान झालंय हो काम. खरंच."
म्हटलं, मग निघूया? सामान मी उतरवून आणतो.
ती म्हणाली, "अहो, मी इथे राहते आता."
किती दिवस?
"इथेच राहते." मग माझ्या अंगठ्याकडे बघून, "लागलं का फार?"
नाही म्हटलं.
थोड्या वेळाने म्हणाली, गाडी आहेच तर फर्निचरच्या दुकानातून एक कपाट आणायचंय, सुटं, खोक्यात असतं. आणलं. दोघांनी मिळून जिना चढवलं. खोली लहान आहे. उजेड चांगला आहे. जोडून देऊ का विचारलं. म्हणाली, "राहू द्या. मला सावकाश जोडायचंय, माझं माझं."
चिगुसा बाळाला घेऊन आली होती. नात माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. नाव मिओ. छान आहे. मी काही समजावलं नाही.
निघताना सुमिएने डब्यात जेवण बांधून दिलं. भात, तळलेला मासा, लोणचं. खाली सोडायला आली, काच खाली करायला लावून म्हणाली, "सांभाळून जा. बर्फ पडेल."
हायवेवर एका थांब्याला गाडीत बसून खाल्लं. शेजारच्या गाडीत चार माणसं होती, चौघं एकदम बोलत होती.
निघण्याआधी मी तिला विचारलं होतं, डबा परत कधी आणून देऊ? पुढच्या रविवारी मोकळा आहे.
ती हसली. म्हणाली, "अहो, दुकानातला आहे तो. खाऊन झालं की फेकायचा."
धुऊन पालथा घातलाय.