अस्वलाच्या कपाळावरचं भोक

चिखली, गुरुवार संध्याकाळ

आज कंपनीत निळ्या अस्वलाचं चित्र असलेले पोरांचे उरलेले जेवणाचे डबे बाद केले. ते कार्टून छापायचा परवाना संपला, पोरांना आता ससा हवाय म्हणे. बाद डबा कुणी विकू नये म्हणून त्याला ड्रिलने भोक पाडायचं, तेही चित्राच्या तोंडावरच, असा नियम.

लाइनवरची रुख्साना हळूच म्हणाली, "मॅडम, एक पोरीला नेऊ का? तिला अस्वल लय आवडतं. बुडाला भोक पाडते, पेन्सिली ठेवंल त्यात."

मी सगळ्यांसमोर ओरडले, "तोंडावरच पाड!"

तिने पाडलं, अस्वलाच्या कपाळावर. मग ओढणीने अस्वलाच्या तोंडावरचा प्लास्टिकचा भुसा पुसला आणि डबा भंगारात टाकला.

एकही डबा बाहेर दिसला असता तर जाब मलाच विचारला असता. खरंय. पण एवढं ओरडायचं काय कारण होतं? ते पुसणं डोळ्यांसमोरून जात नाही.

आत्ता माझ्या लेकाचा, अर्णवचा शाळेचा डबा घासला. सशाचा. अजून बाजारातही आलेला नाही. सॅम्पलमधला, कुणाला न विचारता मीच पर्समध्ये घालून आणलेला.

पुसताना सशाच्या तोंडाशी हात अडला.