टेबलोटेबल केलेली यादी

सोमवार, ३
नवी नोकरी लागली एकदाची! दोन खोल्या, नऊ टेबलं आणि कोपऱ्यात घरघरणारा जुना सर्व्हर. त्याच्यावरचं सगळं नव्या सर्व्हरवर न्यायचं, एवढंच काम. मला टेबल नाही, नव्या यंत्राच्या खोक्यावर बसतो. टायपिस्टबाईंनी चहा दिला; बावीस वर्षं याच टेबलावर, म्हणाल्या. साहेब म्हणाले, आठवड्यात उरकलंत तर कायम करू. घरी सांगताच बायकोने पोरीला उचलून गिरकी घेतली.

मंगळवार, ४
जुन्यावर शंभरेक खाती, बहुतेक कधीच सोडून गेलेल्यांची. कोण आहे, कोण गेलं, काही पत्ता लागेना. मग टेबलोटेबल फिरलो. जो बसलेला दिसला, त्याचं नाव यादीत. साहेबांसकट आठ. सुंठीवाचून खोकला गेला. साहेब म्हणाले, एवढेच न्या, बाकीचा कचरा पुसून टाका.

बुधवार, ५
आठही जण नव्यावर गेले. जुन्याची डिस्क पुसली. खोली एकदम शांत झाली.

गुरुवार, ६
टायपिस्टबाई रजेवरून परतल्या. मंगळवारी त्यांचंच टेबल रिकामं होतं. चूक माझी. पण एक खातं उघडायला कितीसा वेळ? उघडलं. पाहतो तर नाही. पुन्हा उघडलं. पुन्हा नाही.

बाहेर आलो. बाई दारात उभ्या, आणि बावीस वर्षं शेजारी बसलेला कारकून त्यांना विचारत होता, कोण हवंय. चेष्टा नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओळखत होतो. पण बोललो असतो तर चूक उघडी पडली असती, नोकरी गेली असती. मान फिरवली. त्या गेल्या. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

शुक्रवार, ७
जेवताना सुचलं — बाई कुणालाच आठवत नाहीत. मग मलाच कशा?

यादी काढली. आठ. फिरलो मी, मोजलं मी. स्वतःला धरायचं राहिलं.

माझं खातं उघडलं. डोळ्यांदेखत गेलं. साहेबांनी विचारलं, आत कुणी सोडलं. अगदी सभ्यपणे.

संध्याकाळ
बायको म्हणाली, मजला चुकलात. दार लावून घेतलं. जिन्यात बसलोय. रडू येत नाही. बोटं बधिर —

बाई ओळखतील. त्या एकट्याच. त्यांचा पत्ता — त्याच डिस्कवर —

दार उघडतंय. पोरगी. माझ्याकडेच बघतेय. हसलो — हात केला — आईला सांगतेय, बाहेर कोणीच